देवाले वाहिलेला डोमा

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. पण जनता सरकार आलं त्या साली मी माह्या नवऱ्याचं नाव इतक्या वेळा अन् इतक्या जोरानं घेतलं, की आंबागडच्या किल्ल्यावरच्या माकडायलेही ते पाठ झालं असन. डोमा. घ्या, अजून एकदा घेतलं. त्या साली त्याच्या अंगात देव शिरला होता, अन् देव शिरलेला माणूस घरात ठेवणं काय असते ते मले विचारा.

आधी डोमा कसा होता ते सांगते. अर्धा होता. डोक्यानं नाही, कामानं. बैलाचा कोठा बांधाले घेतला, अर्ध्यावर कवेलू टाकले, बाकीचा अर्धा कोठा अजून आभाळाखाली आहे. विहीर खणली बारा हात, पाणी होतं वीस हातावर. आमच्या लग्नात पादरीसाहेब विचारून राहिले होते, सुखात अन् दुःखात साथ देशील का म्हणून, तं हा सुखापाशीच "हव" म्हणून मोकळा झाला. दुःखाचं उत्तर त्याच्याकडून अजून यायचंच आहे.

गावात आमची ख्रिस्ती घरं पाच. माह्या सासऱ्याच्या मांडीले गळू झालं होतं, ते मिशनच्या दवाखान्यातल्या गोऱ्या बाईनं फोडलं, अन् त्या गळवातून येशू आमच्या घराण्यात आला. सासरा गोमाजी माणूस मोठा धोरणी. डोमा सहा वर्षाचा असताना तापानं फणफणला, तं सासऱ्यानं तीन दिवस प्रभूची प्रार्थना केली, अन् चौथ्या दिवशी कोणाले न सांगता गावदेवी मातामायच्या नावानं एक बोकडही सोडला. ताप उतरला. कोणामुळे उतरला हे त्यानं दोघांपैकी कोणालेच विचारलं नाही.

सोडलेला बोकड कसा असते ते ज्यायले माहीत नाही त्यायच्यासाठी सांगते. एकदा देवीले वाहिला की त्याचा कान कातरतात. मग त्याले कोणी बांधत नाही, कोणी मारत नाही. तो कोणाच्याही अंगणात घुसते, कोणाच्याही वेलाले तोंड लावते, अन् घरची बाई काठी उगारायच्या जागी हात जोडते. देवाचा आहे म्हणते. बोकड जातीतल्या जनावराले याच्यावर अजून काय पाहिजे.

तं त्या साली आषाढात आमच्या टिनाच्या छपराखाली तीन दिवसाची सभा भरली. तुमसरवरून सायकलवर पुंडलिकराव पादरीसाहेब आले. मोठे सरळ माणूस, पण नगरकडचे, अन् त्यायची मराठी पुस्तकी. आम्ही अर्धं समजो अन् बाकीच्या अर्ध्याले आमेन म्हणो. तिसऱ्या दिवशी साहेब असे रंगात आले की चष्मा घामानं नाकावरून घसरून राहिला होता. म्हणाले, "देवाला तुमचा नुसता रविवार नको. अर्ध्यानं चालत नाही. देवाला अख्खा माणूस पाहिजे. जिवंतपणी स्वतःला देवाला वाहून द्या. कोण देतो? त्यानं उभं राहावं."

अन् डोमा उठला. जो माणूस जेवाले बोलावलं तरी तीन हाका मारल्याशिवाय उठत नाही, तो पहिल्या हाकेले उठला. आमच्या पाच घरायचं गाणं अन् भांडण दोन्ही चालवणारी सुलोचनाबाई, तिनं पदरानं डोळे पुसले. खोटं कायले बोलू, मलेही वाटलं, अर्ध्या माणसाले कोणीतरी अख्खं म्हटलं शेवटी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी म्हटलं, उठा, बांधीत चिखल करायचा आहे, बैल घेऊन जा. परह्याले बारा दिवस झाले होते. ज्यानं धान लावलं नाही त्याले सांगते, परहा म्हणजे एका कोपऱ्यात दाट पेरलेली धानाची रोपं. ती उपटून चिखल केलेल्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या वावरात, रोवायची, तोच रोवणा. परहा चाळीस दिवसावर गेला की त्याले गाठी पडतात. मग तो रोवला काय अन् बैलापुढं टाकला काय, सारखंच. आमच्या दोन एकराचं अख्खं वर्ष त्या एवढ्याशा हिरव्या तुकड्यात उभं होतं.

डोमा बाजेवर पडल्या पडल्या शांतपणे म्हणाला, "मले कामाले लावू नोको, पंचफुला. मी देवाले वाहिला गेलो."

मले वाटलं, झोपेत बोलून राहिला. पण नाही. त्यानं मले समजावून सांगतलं, लेकराले समजावते तसं. माह्यासाठी बापानं बोकड वाहिला होता, म्हणे, त्याले कोणी कधी जुंपलं का? त्याले कोणी म्हटलं का, की चल, बांधी कर? तो देवाचा होता. आता मी देवाचा आहो. पादरीसाहेबायनं तोच शब्द काढला, सगळ्यायनं ऐकला.

बोला आता. नगरचा माणूस एक शब्द बोलला अन् आंबागडच्या माणसानं दुसरा ऐकला, अन् दोघायच्या मधात माही बांधी कोरडी. मी विचारलं, "मग त्या बोकडाचं पुढं काय झालं?" तं तो किल्ल्याकडे पाहाले लागला. किल्ला तिथंच होता, तीनशे वर्षापासून तिथंच आहे, पण डोमाले तो त्या दिवशी नवा दिसला.

तिथून तो जो चराले निघाला, तो निघालाच. सकाळी सुलोचनाबाईकडे, ती त्याले अंडी तळून दे. दुपारी बाकीच्या तीन घरायपैकी एकाकडे. अन् हे आमच्याच लोकायपुरतं राहिलं असतं तं मी समजली असती. पण शेजारची बेबीबाई, हिंदू बाई, विधवा, माही जिवाची मैत्रीण, तिनंही डोमाले अंगणात पाह्यलं अन् हात जोडले. तिच्या मांडवावरच्या कोवळ्या कोवळ्या काकड्या हा तोडून खाये अन् ती पाहात बसे. मी भांडली तं म्हणे, बाई, देव तुमचा असो का आमचा असो, वाहिलेल्याले मी कशी हाकलू? अख्ख्या गावाले गोष्ट बरोबर समजली होती. एका पादरीसाहेबायले सोडून. बौद्ध मोहल्ल्यातला चिंधू मास्तर तेवढा म्हणाला, की याच्यात देवाचा काही संबंध नाही, हा शुद्ध आळस आहे. पण मास्तरचं ऐकते कोण.

दाढीही त्यानं वाढवली. देवाच्या जनावराले कात्री लावत नसतात, म्हणे. गालावर काही उगवलं नाही, हनुवटीखालीच चार बोटं लोंबाले लागली, अन् मागून नाही पण बाजूनं पाह्यलं तं हुबेहूब बोकड.

आता एक गोष्ट कबूल करते, कारण देवाच्या माणसाबद्दल बोलून राहिली. तो ढोंगी नव्हता. ढोंगी असता तं मी त्याले दोन दिवसात सरळ केला असता. त्यानं बिडी सोडली. सकाळी उठून गुडघ्यावर बसे अन् गावातल्या एकेका माणसाचं नाव घेऊन त्याच्यासाठी मागे, माहंही घे. मी शिव्या दिल्या तरी हसे. एकवीस वर्षाच्या संसारात मी त्याले इतकं खुश कधी पाह्यलं नव्हतं, अन् त्याच्यात माहा काहीच हात नव्हता. हेच तं जळे. अख्खा माणूस देवाले गेला तं मले काय राहिलं? आजपर्यंत अर्धा होता, पण तो अर्धा माहा होता.

परहा सव्वीस दिवसाचा झाला तेव्हा मी मोटारीनं तुमसरले गेली. पादरीसाहेब ओट्यावर बसून होते. डोमाचं नाव काढलं तं त्यायचा चेहरा असा खुलला, की मले बोलाले जड गेलं. म्हणाले, त्याच्या समर्पणाबद्दल मी रोज देवाचे उपकार मानतो, पंचफुलाबाई. आता तो दिवसभर काय करतो?

"चरते," मी म्हटलं.

साहेबायले समजलं नाही. मग मी पहिल्यापासून सांगतलं, बोकड, कान, काकड्या, दाढी. ते ऐकून आतून साहेबायच्या बायकोनं पडदा सारून पाह्यलं. मग साहेब हळूच म्हणाले, माझ्या म्हणण्याचा अर्थ तसा नव्हता. मी म्हटलं, साहेब, अर्थ तुमच्यापाशी आहे, माणूस माह्यापाशी आहे, अन् परहा तिसऱ्याच जागी वाढून राहिला. तुम्ही गाठ मारली, तुम्ही सोडा.

आले बिचारे, भर चिखलात सायकल खांद्यावर घेऊन आले. डोमाले समोर बसवलं अन् तासभर समजावलं, की देवाले वाहिलेला माणूस अजून दुप्पट काम करते, तो सेवक असते. डोमानं सगळं मान खाली घालून ऐकलं. मग म्हणाला, "साहेब, कामाचा बैल वेगळा अन् देवाचा बोकड वेगळा. तुम्ही मले बैलात उभं राहा म्हटलं असतं, तं मी बसूनच राहिलो असतो. तो तं मी पहिलेपासूनच होतो." साहेबायनं चहा घेतला, प्रार्थना केली, अन् सायकलची चेन पडलेली होती ती बसवत बसवत परत गेले. नगरचं देवज्ञान आंबागडच्या बोकडापुढं हरलं.

आमच्याकडे बाई नांगराले हात लावत नाही. बांधीत दिवसभर वाकून रोवणं, निंदणं, कापणं, ते सगळं बाईचं, पण नांगर धरला तं म्हणे पाऊस रुसते. मी म्हटलं, रुसू दे, माहा नवरा रुसला तेव्हा पावसानं काय केलं होतं? मी बैल जुंपले अन् नांगर धरला. पहिल्या दिवशी बांधाच्या धुऱ्यावर पंधरा-वीस माणसं उभी राहून पाहात होती. माह्या नांगराची तासं साप गेल्यासारखी वाकडी जात. पण जात. पाऊसही रुसला नाही, उलट जास्तच आला. आठ दिवसात मी बांध्या उलथून टाकल्या.

आता चिखलावर फळी फिरवून बांधी सपाट करायची राहिली होती, की मग रोवणा. परह्याले अडतीस दिवस झाले होते. अन् त्याच सकाळी जोडीतल्या बांड्या बैलाचा खूर फाटला. पाय टेकवेना. रोवण्याच्या दिवसात कोणाचा बैल रिकामा असते? चार घरी जाऊन आली, चारही घरचे बैल बांधीत. एका बैलानं फळी चालत नाही, गोल गोल फिरते. मी बांधीत उभी राहिली, परह्याकडे पाह्यलं, त्याचे शेंडे पिवळे पडाले लागले होते. मग पदर खोचला अन् जुवाची दुसरी बाजू स्वतःच्या खांद्यावर घेतली.

बेबीबाई फळीवर उभी राहाले आली होती, ती मले तशी पाहून रडाले लागली. मी म्हटलं, बाई, रड नंतर, आधी हाक. तीन फेऱ्या झाल्या. बैल समजूतदार होता, माह्या चालीनं चाले. चौथ्या फेरीले माहा पाय खोल गेला अन् मी तोंडावर पडली. चिखल नाकात, तोंडात. उठता येईना. तिथंच पडल्या पडल्या मी माह्या आयुष्यातली सगळ्यात खरी प्रार्थना केली. म्हटलं, देवा, तुले अख्खा माणूस पाहिजे होता ना? घेतला ना? मग आता तू स्वतः ये अन् जुवाच्या या बाजूले लाग. नाही तं माहा माणूस वापस दे. मले तिसरं काही ऐकायचं नाही. आमेन.

डोळ्यातला चिखल पुसला तं धुऱ्यावर डोमा उभा. हातात बेबीबाईची काकडी. तोंडात घास होता, पण तो चावून नव्हता राहिला. किती वेळचा उभा होता कोण जाणे. त्यानं उरलेली काकडी धुऱ्यावर ठेवली, धोतर वर खोचलं अन् बांधीत उतरला. माह्या खांद्यावरचं जू उचलाले लागला.

मी जू सोडलं नाही. मले असा राग आला होता, की त्याच्या हाताले चावावं वाटलं. म्हटलं, "देवाचा बोकड जुंपत नसतात. बाजूले व्हा."

तो खाली चिखलाकडे पाहात बोलला. "तू विचारलं होतं ना, त्या बोकडाचं पुढं काय झालं म्हणून. दिवाळीनंतर मातामायपुढं कापला त्याले. माह्या तापापायी वाहिला होता, माह्या डोळ्यापुढं कापला. मग मटन घरोघरी वाटलं. आमच्याही घरी द्रोण आला. बाप ख्रिस्ती, त्यानं हात लावला नाही. मी खाल्लं. दोनदा मागून खाल्लं. मातामायनं एक घास नाही खाल्ला, पंचफुला. वाहिला मायले होता, खाल्ला गावानं."

"मग?"

"मग काय. इतके दिवस चरलो. आता खा मले."

फळीवर बेबीबाईचा हुंदका थांबला. मी रडली, अन् रागानं रडली असं मी आजपर्यंत सगळ्यायले सांगत आली. जू सोडलं. त्यानं ते खांद्यावर घेतलं, बैलाच्या बाजूले उभा राहिला, अन् मान वळवून म्हणाला, पादरीसाहेबायले मटनाचं सांगजो नोको.

दुपार झाली, अर्धी बांधी सपाट झाली होती. डोमा उभा राहिला, कंबर सरळ केली, अन् सवयीनं म्हणाला, बाकीचं उद्या पाहू. मी नुसतं त्याच्याकडे पाह्यलं. तो पुन्हा जुवाखाली गेला. सांजेपर्यंत अख्खी बांधी फळीसारखी झाली, अन् चाळिसाव्या दिवशी आमचा परहा रोवला गेला. पिवळे शेंडे आठ दिवसात हिरवे झाले. फळी फिरवली त्या सांजेले मी बांधीच्या काठावर बसून डोमाच्या खांद्याले तेल लावलं, त्याच्या खांद्याची साल निघाली होती. माह्याही निघाली होती, पण ते त्याले दिसलं नाही, दिसलं असन तं बोलला नाही. दुसऱ्या दिवशी तेलाची वाटी त्यानंच आणून ठेवली.

मग गावानं त्याले खाल्लं. आधी बेबीबाई आली, की माह्या एवढ्या काकड्या गेल्या, माही बांधी कोण करते? चार दिवस तिथं. मग सुलोचनाबाईचं छप्पर, अंडी किती तळली होती ते तिले बरोबर आठवत होतं. मग ज्याच्या ज्याच्या अंगणात चरला होता, त्यायनं एकेक करून नेला. हा कोणालेच नाही म्हणे ना. दसऱ्यापर्यंत डोमाची हाडं मोजून घ्या अशी झाली, दाढी तेवढी जागेवर होती, ती मी धरून कापली. आमचा अर्धा कोठा त्याच्यापायीच राहिला. लोकायच्या घरावर कवेलू टाकता टाकता आमच्या घराले डोमा पुरलाच नाही. अन् एवढं होऊन माणूस खुशच. आता सकाळी नाव घेऊन ज्याच्यासाठी प्रार्थना करे, दुपारी त्याच्याच बांधीत उभा दिसे.

पुढच्या आषाढात पादरीसाहेब पुन्हा आले. डोमाची साक्ष त्यायनं सगळ्यायले सांगतली, मटन सोडून, कारण ते त्यायले माहीतच नव्हतं. मग चष्मा वर सरकवला अन् विचारलं, आज कोण स्वतःला अख्खा वाहून देतो? आमची पाचही घरं खाली सतरंजीकडे पाहाले लागली. सुलोचनाबाईनं गाण्याचं पुस्तक उघडलं, तेही उलटं. वाहणं म्हणजे काय असते ते आता सगळ्यायनं डोळ्यानं पाह्यलं होतं, अन् कोणीच जागचं हललं नाही.

आमच्यात बाप्ये एका बाजूले बसतात अन् बाया एका बाजूले. मी मुद्दामच काठावर, डोमाच्या मागं बसली होती. तो हलला, तसं मी त्याच्या सदऱ्याचं टोक मुठीत पकडलं. हळूच म्हटलं, एकदा झालं ना, बसा. तो उठलाच. सदरा नवा होता, आमच्या लेकीनं, मार्थानं, सासरहून, मोहाडीच्या बाजारातून आणलेला, ओढला असता तं टरकन फाटला असता. मले काही तो सोडवेना. म्हणून मग मीही उठली.